झेंडा घेऊन चालायचंय? आधी उभं राहायला शिका

उद्घाटन सोहळ्याच्या संचलनात मी पथकापुढे झेंडा घेऊन चालले ती उणीपुरी पावणेदोन मिनिटं. पथकातल्या एका मुलीने नंतर व्हिडिओ लावून मोजली. त्याआधी मी तीन तास वीस मिनिटं उभी होते. आधी बसच्या रांगेत, मग शेजारच्या सराव मैदानावर, मग स्टेडियमच्या पोटातल्या बोगद्यात. चालण्याची तालीम आरशासमोर आठवडाभर केली होती, उभं राहण्याची एकदाही नाही. बाहेर आले तेव्हा दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. टीव्हीवर माझं जे अभिमानाचं हसू सगळ्यांना आवडलं, ते निम्मंशिम्मं दात आवळणं होतं.

हातोडाफेक सुटून आता बरीच वर्षं झाली. पथकाची व्यवस्थापक म्हणून जाते, आणि ध्वजवाहकाला तयार करायचं काम दरवेळी आपसूक माझ्याकडे येतं. खाली लिहिलंय ते ऑलिंपिकला निघालेल्यालाही चालेल आणि विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला निघालेल्यालाही. मैदान लहानमोठं असेल, ताटकळणं सारखंच.

हो म्हणायच्या आधी वेळापत्रक बघा

ध्वजवाहक म्हणून नाव पुढे आलं की कुणी विचार करायला थांबत नाही. थांबा. सोहळा रात्री असतो, संपता संपता चार तास होतात आणि क्रीडाग्रामात परतायला मध्यरात्र उलटते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची फेरी असेल तर प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय होकार देऊ नका. तो नको म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. जलतरणपटू मायकल फेल्प्स अमेरिकेचा झेंडा घेऊन चालला तो २०१६ मध्ये, रिओला, आणि ती त्याची पाचवी ऑलिंपिक होती. त्याआधीच्या तीन ऑलिंपिकमध्ये त्याची चारशे मीटर मेडली, म्हणजे चारही प्रकारांनी पोहायची शर्यत, पहिल्याच दिवशी असायची. एवढ्या पदकांच्या धन्यालाही हा मान मिळायला शेवटची स्पर्धा उजाडली, तर तुम्हीआम्ही एखादी खेप सोडली म्हणून काय बिघडतं?

तुमचं नाव राखीव म्हणून असेल तर मात्र तयारी पूर्ण करा. राखीव माणसाला कुणी विचारत नाही, आणि मग ऐनवेळी त्याच्याच हातात काठी येते. टोकियो पॅरालिंपिकमध्ये मरियप्पन थंगवेलू भारताचा ध्वजवाहक ठरला होता. विमानातल्या एका कोरोनाबाधिताच्या संपर्कात आल्याचं कळलं, आणि सोहळ्याच्याच दिवशी त्याच्या जागी टेकचंद उभा राहिला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत नीरज चोप्रा दुखापतीमुळे गेलाच नाही. तेव्हा पी. व्ही. सिंधू आणि मनप्रीत सिंग यांच्याकडे झेंडा आला.

काठी, चादर आणि वारा

एका तरुण पैलवानाला मी शिकवत होते. गडी असा की दोन माणसं दोन खांद्यांवर घेऊन उठाबशा काढेल. मला म्हणाला, "ताई, यात शिकायचं काय? काठी धरायची आणि चालायचं."

मी वाद घातला नाही. एक लांब बांबू घेतला, त्याला एकेरी पलंगाची चादर बांधली आणि संध्याकाळी वारा सुटल्यावर त्याला मोकळ्या मैदानात नेलं. पहिली चाळीस पावलं झकास गेली. मग वारा आडवा झाला. चादर शिडासारखी फुगली आणि बांबूचं वरचं टोक उजवीकडे कलायला लागलं. हा पठ्ठ्या ताकदीने त्याला आवरायला गेला. त्याने दोन्ही हात एकाला एक लागून, मुठीवर मूठ अशी काठी धरली होती. कोपर थरथरायला लागले, पाऊल चुकलं, आणि चादर येऊन तोंडाला गुंडाळली. आतून आवाज आला, "ताई, कळलं."

कळायचं ते एवढंच. झेंड्याचं वजन फारसं नसतं, वाऱ्याचं असतं, आणि ते काठीच्या पार टोकाला बसलेलं असतं. दोन हातांत जितकं अंतर, तितका जोर कमी लागतो. म्हणून खालचा हात बेंबीपाशी आणि वरचा हनुवटीच्या उंचीला. खालच्या हाताची मूठ पोटाला टेकलेली हवी, म्हणजे काठीचं बूड अंगाला धरून राहतं. वरच्या हाताने आवळायचं नाही, फक्त दिशा द्यायची. हातोडा फिरवतानाही हेच असतं. आवळणारा लवकर दमतो.

कमरपट्टा मिळाला तर घ्या. त्याला पुढे एक चामड्याची खोबण असते, काठीचं बूड तिच्यात बसतं. पट्टा बेंबीच्या चार बोटं खाली बांधा. त्याहून खाली गेला तर प्रत्येक पावलाला मांडीवर ठोका बसतो आणि चाल लंगडी दिसते. बऱ्याच ठिकाणी पट्टा देतच नाहीत, म्हणून सराव पट्ट्याविना करा.

वारा समोरून असेल तर नशीब. झेंडा मागे छान फडकतो, छायाचित्रंही चांगली येतात. पाठीमागून असेल तर कापड पुढे जातं आणि काठीला वेटोळं घालतं, किंवा तुमच्या तोंडावर येतं. अशा वेळी हाताने कापड सोडवायला जाऊ नका. एक हात सुटला की काठी गेलीच. त्याऐवजी काठी मुठीतच पाव वळसा फिरवा, वेटोळं ज्या बाजूने बसलंय त्याच्या उलट. एकदा नाही जमलं तर दुसऱ्यांदा जमतं. ही एक गोष्ट पन्नास वेळा घोटवून घ्या, बाकी सगळं जागेवर सुचतं.

हवेत लहरवायचा असेल तर आडवा आठ काढा. इंग्रजी आठ. आपला ८ काढायला गेलात तर काठी मागच्याच्या डोक्यात बसेल. मनगटातून नाही, खांद्यातून फिरवायचं, आणि सावकाश. झेंडा ओला असेल तर आणखी सावकाश, कारण भिजलेलं कापड काठीला चिकटतं आणि उलगडायला वेळ मागतं. २६ जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये हेच सगळ्यांच्या वाट्याला आलं. स्टेडियम नव्हतं, सेन नदीवरून सहा किलोमीटर बोटींतून मिरवणूक होती आणि पाऊस धो धो. इटलीचा उंच उडी मारणारा जानमार्को ताम्बेरी झेंडा फडकवत असताना त्याच्या बोटातली लग्नाची अंगठी निसटली आणि गेली पाण्यात. बायकोची त्याने जाहीर माफी मागितली. तेव्हापासून मी माझ्या यादीत अंगठ्यांची ओळ घातली आहे. अंगठी, कडं, घड्याळ, सगळं खोलीत ठेवून या.

झेंडा सुलटा आहे ना?

सराव तुम्ही कुठल्याही झेंड्यावर करा, सोहळ्यात हातात येणारा वेगळाच असतो. ऑलिंपिकच्या नियमांप्रमाणे झेंडे आणि देशांचे नामफलक यजमान संयोजकांनीच द्यायचे असतात, आणि सगळ्यांचे एकाच आकाराचे. झेंडा तुमच्या हातात पडतो तो बोगद्याच्या तोंडाशी, शेवटच्या घटकेला, आणि देणारा असतो एखादा दमलेला स्वयंसेवक. दिवसभरात त्याच्या हातून कितीतरी झेंडे गेलेले असतात. तुमचा रंग कुठला वर आणि कुठला खाली, हे त्याला पाठ असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

माझ्या हातात आला तेव्हा वरची नाडी निम्मी सुटली होती. झेंडा सुलटा होता, पण वरचा कोपरा वीतभर घसरून लोंबत होता. तो मुलगा बिचारा हसून "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत होता. ठीक नव्हतं. आमच्या जिम्नॅस्ट मुलींकडे पिना असतातच. दोन पिना लावल्या, गाठ पुन्हा मारली आणि मगच पुढे सरकले. तेव्हापासून पाच-सहा सेफ्टी पिना खिशात ठेवायला सांगते.

यजमान कितीही मोठा असो, झेंड्याच्या चुका होतात. २०१२ ला ग्लासगोत महिला फुटबॉलच्या सामन्याआधी उत्तर कोरियाच्या खेळाडूंच्या नावांपुढे पडद्यावर दक्षिण कोरियाचा झेंडा दाखवला गेला. संघ मैदान सोडून गेला आणि सामना तासभर लांबला. २०१७ च्या दक्षिण-पूर्व आशियाई स्पर्धेच्या स्मरणिकेत इंडोनेशियाचा झेंडा उलटा छापला. लाल-पांढऱ्याचा पांढरा-लाल झाला, म्हणजे थेट पोलंड. पॅरिसला तर खुद्द ऑलिंपिकचाच ध्वज उलटा चढला, आणि त्याच संध्याकाळी दक्षिण कोरियाच्या पथकाची ओळख उत्तर कोरिया म्हणून करून दिली गेली. जिथे वर्षानुवर्षं तयारी चालते तिथे हे होतं, मग दहा सेकंद खर्चून स्वतः बघायला काय हरकत आहे? पाहायच्या गोष्टी तीनच: वरचा रंग वर आहे का, वरची-खालची गाठ पक्की आहे का, आणि काठीचे दोन तुकडे जोडलेले असतील तर सांधा घट्ट आहे का. काठी हातात आली की सांध्याला एक पीळ देऊन बघा.

एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३६ ला बर्लिनमध्ये लिख्टेनश्टाइनच्या लोकांच्या लक्षात आलं की आपला झेंडा आणि हैतीचा झेंडा हुबेहूब सारखे आहेत. वर निळा, खाली लाल. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या झेंड्यावर मुकुट घातला. ऑलिंपिकला गेले म्हणून झेंडा बदलला.

बोगद्यातले तास

इथे खरी परीक्षा. आपला नंबर कधी ते आधी विचारून घ्या, अंदाज करू नका. ऑलिंपिकमध्ये ग्रीस सर्वांत पुढे आणि यजमान सर्वांत मागे, ही रीत १९२८ च्या ॲमस्टरडॅमपासूनची. हल्ली ग्रीसच्या पाठोपाठ निर्वासितांचा संघ येतो. मधले बहुतेक सगळे यजमानाच्या भाषेच्या वर्णक्रमाने. हाच क्रम लोकांना चकवतो. टोकियोत जपानी वर्णमालेमुळे भारत एकविसावा होता. बीजिंगला २००८ मध्ये तर देशाच्या नावातलं पहिलं चिनी अक्षर किती फटकाऱ्यांत लिहितात त्यावर क्रम ठरला होता. इंग्रजी क्रमाने हिशेब करून "अजून पुष्कळ वेळ आहे" म्हणत कोपऱ्यात टेकलात तर फसाल.

बूट. गणवेशाबरोबर नवे कोरे बूट मिळतात आणि सोहळ्याच्या रात्री पहिल्यांदा पायात घातले जातात. ते मिळाल्या दिवसापासून रोज दोन तास खोलीत घालून फिरा. टाचेला चिकटपट्टी आधीच लावा, फोड आल्यावर नाही.

पाणी घोटघोट प्या. आत स्वच्छतागृह जवळ असेल याचा भरवसा नाही, आणि असलं तरी रांग सोडून गेलात की पथक पुढे सरकलेलं असतं. गुडघे ताठ करून उभे राहू नका, पायांत रक्त साचतं आणि भोवळ येते. दर काही मिनिटांनी टाचा उचला, टेकवा. भिंत मिळाली तर पाठ टेका. गणवेश चुरगळेल म्हणून मी टेकले नव्हते, आणि त्याची किंमत पोटऱ्यांनी मोजली. जमिनीवर बसणं मात्र टाळा, कारण नेमकं बसल्यावरच "चला" होतं.

कपडे हवामानाप्रमाणे. टोंगाचा पिता ताउफातोफुआ २०१८ ला प्योंगचांगच्या कडाक्याच्या थंडीत अंगाला तेल चोपडून उघड्या छातीने चालला. जगाने टाळ्या वाजवल्या. तो तो आहे. तुम्ही आतून गरम बनियन घाला.

बाहेर पडायच्या जरा आधी बोगद्याच्या छताकडे बघा. काठीच्या टोकाला तिथली तुळई, दिवे, कॅमेऱ्यांच्या तारा लागू शकतात. टोक पुढे झुकवून, भाल्यासारखं धरून सरका आणि मोकळ्यात आल्यावर तीन-चार पावलांत सरळ करा. झटक्यात नको. कारण नेमकं त्याच जागी वाऱ्याचा झोत अंगावर येतो, आणि प्रकाशाचा, आणि आवाजाचा. तिन्ही एकदम. मला तर क्षणभर कुठला पाय उचलायचा तेच कळेना.

ती पावणेदोन मिनिटं

पुढे नामफलक घेऊन चालणारी व्यक्ती असते. तिच्या पाठीवर नजर ठेवा आणि पाच-सहा पावलांचं अंतर राखा. मोठ्या पडद्याकडे बघू नका. स्वतःला एवढं मोठं पाहिलं की मान तिकडे वळते, मानेमागे खांदा आणि खांद्यामागे काठी. मागचं पथक हात हलवत, फोटो काढत रेंगाळतं, म्हणून तुमची चाल नेहमीपेक्षा हळू हवी. मनातल्या मनात मोजत चाला.

दोघं असाल तर आणखी एक काम वाढतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२० मध्ये एक स्त्री आणि एक पुरुष अशा जोडीला परवानगी दिली. भारतासाठी टोकियोत मेरी कोम आणि मनप्रीत सिंग, तर पॅरिसला पी. व्ही. सिंधू आणि शरथ कमल. एकच काठी, चार हात. भार कोण घेणार ते आधी ठरवा, दोघांनी निम्मा निम्मा घ्यायला गेलात की काठी डुलते. एकाने पेलायची, दुसऱ्याने नुसता आधार द्यायचा. उंचाने वर धरायचं, बुटक्याने खाली. बाहेरचे हात लोकांना हलवायला मोकळे. आतला पाय दोघांनी एकदम उचलायचा, म्हणजे एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा. लष्करी कवायत केलेल्याला हे पचत नाही, पण काठी त्याने स्थिर राहते. मध्येच अदलाबदल करायची हौस असेल तर किमान वीस वेळा करून बघा, नाहीतर सोडून द्या.

मान्यवरांच्या कक्षासमोर झेंडा झुकवायचा का, हे आपल्या पथकप्रमुखाला आधीच विचारून ठेवा. भारताच्या ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा कुणापुढेही झुकवायचा नसतो, अमेरिकेच्या संहितेतही तेच आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा गोळाफेकपटू राल्फ रोझ याने राजापुढे झेंडा झुकवला नाही, ही गोष्ट आजही रंगवून सांगतात. नियम मनात पक्का असला की समोर राजा असो वा राणी, हात गोंधळत नाही.

आणि काही अनपेक्षित घडलं तर चालत राहा. २०१२ ला लंडनमध्ये सुशील कुमारच्या बरोबरीने लाल शर्ट, निळी विजार घातलेली एक अनोळखी बाई थेट चालत होती. ती सोहळ्यातल्याच कलाकारांपैकी निघाली. नंतर गदारोळ झाला, पण सुशीलने झेंडा धरला आणि चालत राहिला. त्या क्षणी तेवढंच करण्यासारखं होतं.

हातातून सुटल्यावर

ठरलेल्या जागी स्वयंसेवक झेंडा घेतात आणि बाकीच्यांच्या ओळीत रोवतात. काठी त्याच्या मुठीत पक्की बसली हे दिसल्याशिवाय तुमची सोडू नका. त्या पैलवानाने मला नंतर फोनवर सांगितलं, "ताई, झेंडा दिला आणि हातांचं काय करावं तेच कळेना. दोन्ही हात तसेच, एक वर एक खाली." माझेही तसेच राहिले होते. टाळ्या वाजवा, नाहीतर खिशात घाला.

मग मिळेल तिथे बसा, बूट सैल करा, पाणी प्या, पोटऱ्या चोळा. भाषणं अजून बाकी असतात, ज्योतही. ज्यांची फेरी उद्या आहे त्यांनी प्रशिक्षकाशी बोलून पहिली परतीची बस धरावी. दुसरी कधी सुटेल ते तिच्या चालकालाही माहीत नसतं.